पहिली गाडी, जुनी गाडी

नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडं वळलं की मार्गासनी, विंझर अशी गावं लागत जातात. डाव्या हाताला राजगड, पुढं तोरणा. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं, तरी तोंडात अजून वेल्हंच आहे. सकाळी या रस्त्यानं खेड शिवापूर आणि शिरवळच्या कंपन्यांकडं निघालेली पोरं भेटतात, पुण्याला कॉलेजला आणि दवाखान्याला निघालेली माणसं भेटतात. एसटी आहे, पण ती तिच्या वेळेला येते आणि शिफ्ट सुटते भलत्याच वेळेला. २०२१ च्या ऑक्टोबरात एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा आतल्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना दारात चार चाकं असण्याची किंमत पुरती कळली. रात्री दोनला म्हाताऱ्या माणसाला धाप लागली तर शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं. शेजाऱ्याची गाडी नसेल तर पुढं काय, हे इथं कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

या भागात चारचाकी येते ती अशा गरजेपोटी, आणि बहुतेक घरांत पहिली गाडी जुनीच असते. भाताचे, दुधाचे, भिशीचे पैसे वडील गोळा करतात. निवड मात्र नुकतं लायसन काढलेल्या मुलावर किंवा मुलीवर सोडतात, कारण घरात गाडीतलं कळतं असं समजलं जाणारं तेवढंच एक माणूस असतं. वीस-बावीस वर्षांच्या त्या पोराच्या खांद्यावर घराच्या दोन-तीन वर्षांच्या शिलकीचा भार येतो. त्याच्या हातात मोबाईल असतो, मोबाईलवर शेकडो गाड्यांचे चकचकीत फोटो असतात, आणि विचारायला कुणी नसतं. ही पुस्तिका त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी लिहिली आहे.

पुढच्या पानांत तपासणीचे तपशील सविस्तर येतील. इथं मला त्यामागचा विचार सांगायचा आहे, आणि तो एकच आहे. ज्या गाडीचा मागचा इतिहास तुम्हाला वाचता येतो तीच गाडी भरवशाची. कंपनी, रंग, मीटरवरचा आकडा, मित्राची शिफारस हे सगळं त्यानंतर.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक निबंध लिहिला आणि त्यात उदाहरण घेतलं ते जुन्या मोटारींच्या बाजाराचं. विकणाऱ्याला गाडी आतून माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना कमी भाव देऊ लागतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला त्या भावात विकणं परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो, आणि बाजारात वाईट मालाचं प्रमाण वाढत जातं. या विचाराच्या मांडणीसाठी त्यांना २००१ मध्ये आणखी दोघांसोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या गावांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला होता. शेजारच्या गावातल्या गुरुजींची गाडी विकायची आहे म्हटलं की ती कधी घेतली, कुठं ठोकली, कोण चालवत होतं हे चार गावांना ठाऊक असायचं. बैल घेताना दात बघायचे, चालवून बघायचा, आणि त्याआधी मालक कसा आहे ते विचारायचं, तीच ही रीत. आता गाडी पुण्यातून येते, कधी दिल्लीहून येते, मध्ये तीन-चार हात होऊन येते. मालकाचं तोंडही दिसत नाही, एजंट दिसतो. म्हणून जे पूर्वी माणसं सांगत ते आता तीन ठिकाणी वाचावं लागतं: कागदात, पत्र्यात आणि रस्त्यावर.

कागदाला मी पहिला नंबर देतो, कारण पोरं त्याला शेवटचा देतात. गाडी आवडली, टोकन दिलं, चावी घेतली, देवळासमोर नारळ फोडला, आणि 'टीटी फॉर्म'वर सह्या झाल्यात म्हणून विषय संपला. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. ते फॉर्म आरटीओत जाऊन आरसीवर तुमचं नाव लागलं, तेव्हाच ती तुमची. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. प्रत्यक्षात सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून असतात आणि गाडी हात बदलत राहते. याला 'ओपन टीटी' म्हणतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

यात काय होऊ शकतं त्याचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात. मूळ मालकानं २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढं एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं गेली. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात झाला, त्यात एक लहान मूल दगावलं, आणि न्यायालयानं भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव होतं त्याच्यावर टाकली. गाडी विकून दोन वर्षं झालेल्या माणसावर! हा निकाल विकणाऱ्यानं तर वाचावाच, पण घेणाऱ्यानंही वाचावा. कारण तुम्ही आज घेणारे आहात, चार वर्षांनी विकणारे होणार आहात.

आरसीवरचा बोजा हा दुसरा मुद्दा. गाडी कर्जावर काढलेली असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव आरसीवर चढलेलं असतं. कर्ज फिटलं एवढं ऐकून पुढं जाऊ नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात बघा, आणि बोजा उतरलेला परिवहनच्या ऑनलाइन नोंदीत दिसतो का ते बघा. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की पहिली नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, पासिंग कधीपर्यंत हे समोर येतं. थकलेले ई-चलान वेगळे तपासा. महामार्गावर रोज ये-जा केलेल्या गाडीवर ते साठलेले असतात. आधी टॅक्सी पासिंगची असून नंतर खासगी केलेली गाडीही कागदातूनच ओळखू येते. तीन वर्षांची, दिसायला नवी सेदान स्वस्त का मिळतेय याचं उत्तर पुष्कळदा तिथं असतं.

विम्याबद्दल गैरसमज फार आहेत. गाडी तुमच्या नावावर झाली की तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा कायद्यानं तुमच्याकडं येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडं अर्ज करून पॉलिसीवर नाव लावून घ्यावं लागतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही. गाडी जुन्याच्याच नावावर राहू दे, त्याचा बोनस मोठा आहे, असा सल्ला कुणी दिला तर तो सल्ला तिथंच सोडून द्या.

आता पत्रा. इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण डोळे उघडे ठेवले तर पत्रा खोटं बोलत नाही. एका पोरासोबत मी पुण्यात एक गाडी बघायला गेलो होतो. बाहेरून पॉलिश केलेली, आत नवी सीट कव्हरं, डॅशबोर्डवर सुगंधी बाटली. मीटर कमी, भाव बेताचा, पोरगा खूश. मी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ काळा होता. शेवटच्या वीतभर भागावर मातकट आडवी रेघ होती, आणि तिथं बोट फिरवल्यावर बारीक गाळ बोटाला लागला. मग सीट पुढं सरकवून खालचे रूळ बघितले. गंज चढलेला. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी काढली, तर खालच्या खळग्यात वाळलेला चिखल. ती गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात बुडून निघाली होती. एजंटाला विचारलं तर म्हणाला, पावसात काच उघडी राहिली असेल. आम्ही परत निघालो.

अशा गाड्या येतात कुठून, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं गाड्या वाहून नेल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. विमा कंपन्यांनी 'टोटल लॉस' ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात, त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात. पाण्यात गेलेल्या गाडीचं इंजिन एकवेळ नीट होतं, वायरिंग होत नाही. सहा महिन्यांनी भर पावसात घाटात दिवे जातात आणि का गेले ते कुठल्याच मेस्त्रीला सापडत नाही.

ठोकलेली गाडी ओळखायला यंत्र लागत नाही. बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवरचा रंग अखंड असतो, पाना लागलेल्या बोल्टचे कोपरे सोललेले असतात. दारांचं रबर बाजूला करून आतल्या पत्र्यावरचे गोल वेल्डिंगचे ठिपके बघा. कारखान्यातले ठिपके एका अंतरावर, एका आकाराचे असतात, हातानं केलेलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. सगळ्या काचांवर बनवणाऱ्याचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळ्या वर्षाची असेल तर त्या बाजूला काय झालं ते विचारा. बंपर बदललेला असला तर घाबरायचं कारण नाही, आपल्या रस्त्यांवर बंपर शाबूत राहणंच अवघड आहे. पण पिलर आणि चेसीला हात लागलेली गाडी मी कुणालाही घेऊ देणार नाही.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार आणि २०२१ च्या गाडीला २०२४ चे टायर असतील तर ते टायर का बदलावे लागले, हा सरळ प्रश्न आहे. मीटर मागं फिरवणं सोपं झालंय. क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, ड्रायव्हर सीटची दबलेली डावी-उजवी बाजू यांना मागं फिरवता येत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला केलेल्या सर्व्हिसच्या नोंदी तारखेसह आणि किलोमीटरसह असतात. मालकाला बरोबर घेऊन जा आणि त्या मागा. नोंदी दाखवायला जो कां-कू करतो, त्याच्याकडून गाडी घ्यायची नाही.

तिसरी जागा रस्ता, आणि विंझरच्या माणसाला यात पुण्यातल्या माणसापेक्षा मोठी सोय आहे: जवळच पाबे घाट आहे. पुण्यात सपाट रस्त्यावर दोन चौक फिरवून गाडी घेणारा माणूस खरं तर काहीच बघत नाही. गाडी इकडं आणायला सांगा, वाटल्यास डिझेल-पेट्रोलचे पैसे द्या, आणि घाट चढवा.

चढवण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम असेल तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी गाडी सुरू करून ठेवली आहे, आणि गार इंजिनाचं दुखणं तुम्हाला दिसू नये म्हणून ठेवली आहे. एक तास थांबा. गार इंजिन सुरू करताना एकानं मागं उभं राहायचं. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. पांढरा धूर थंडीत काही क्षण येतो, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केटचं काम निघालंय, मग पुढचं बघायचंच नाही.

चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरतेय. एसी चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्याकडं लक्ष द्या. अवघड वळणावर मुद्दाम थांबून हँडब्रेकवर गाडी धरते का ते बघा. वर पोचल्यावर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून खाली वाका: कुठं थेंब पडतोय, कुठून जळकट वास येतोय. मग उतार. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरू द्या, आणि खाली आल्यावर एकदम पाय देऊन आरशात बघा. त्या क्षणी निळ्या धुराचा झोत आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. सपाटीला येणार नाही असा हा धूर उतारानंतर हमखास येतो. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, पेडल थरथरतं का, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर पुढच्या चाकातून टक-टक येते का. रस्त्याच्या फुटलेल्या पट्ट्यावर खडखड आली तर बुश आणि लिंक रॉडचा खर्च धरा. तो फार नसतो आणि भाव पाडायला चांगला उपयोगी पडतो.

घाटाचा आग्रह मी आणखी एका कारणानं धरतो. वेल्ह्या-विंझरहून महामार्गानं पुण्यात शिरायचं तर नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलापर्यंतचा लांब उतार उतरावा लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका ट्रकनं ४८ च्या आसपास वाहनांना धडक दिली. त्यानंतरही तो उतार शांत झालेला नाही. तिथं तुमच्या मागून काय येतंय हे तुमच्या हातात नसतं. तुमचे ब्रेक, तुमचे टायर आणि तुम्ही कुठल्या गाडीत बसला आहात, एवढंच तुमच्या हातात असतं. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली होती. म्हणून तरुण ड्रायव्हरच्या गाडीत संरक्षण आधी बघायचं, हे मी ठासून सांगतो.

यासाठी काही तारखा पाठच करा. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची धडक चाचणी जाहीर केली: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. जवळजवळ पाच वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, टाटा नेक्सॉननं पाच तारे मिळवले, आणि भारतीय कंपनीची गाडीही तिथं पोचू शकते हे दिसलं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस ब्रेकही त्याच वर्षी. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत सक्तीची व्हायला २०२१ साल संपावं लागलं. यावरून माझा हिशेब असा: जमत असेल तर २०२२ किंवा नंतरची गाडी, नाही जमलं तर २०१९ च्या जुलैनंतरची. तेही बजेटच्या बाहेर असेल तर आधीच्या सालातलं वरचं मॉडेल शोधा, ज्यात कंपनीनंच एबीएस आणि एअरबॅग दिलेली आहे. मोठी टचस्क्रीन नसलेली पण एअरबॅग असलेली गाडी निवडा. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर एअरबॅग फुटून गेलेली असू शकते आणि दिवा कुणीतरी बंद केलेला असू शकतो.

कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर मी थोडक्यात देतो. पहिल्या गाडीसाठी साधं पेट्रोल इंजिन, रस्त्यावर भरपूर संख्येनं असलेलं मॉडेल, आणि ज्याचे सुटे भाग पुण्यात त्याच दिवशी मिळतात अशी कंपनी. वॅगन आर, स्विफ्ट, ग्रँड आय-१०, टियागो यांत चांगली जपलेली एकहाती गाडी मिळाली तर पुढं शोधू नका. बोलेरोचा मोह इथं सगळ्यांना होतो, आणि आतल्या कच्च्या रस्त्यावर राहणाऱ्या, माल वाहणाऱ्या घराला ती शोभतेही. पण इंजिन किती सीसीचं आहे ते बघून विम्याचा हिशेब करा. जून २०२२ पासून १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये आहे, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७, कर वेगळा. नुकत्याच कामाला लागलेल्या पोराला हा फरक दरवर्षी भरायचा आहे.

डिझेलचा हट्ट सोडा. मारुतीनं २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंदच केल्या. बीएस-६ डिझेलमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो, तो थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांत भरून चोक होतो, आणि विंझर-नसरापूर अशा फेऱ्या म्हणजे नेमक्या तशाच. दिल्लीच्या पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्यांबद्दलही हेच. तिकडं दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेलवर बंधनं आली म्हणून त्या इकडं आल्या. इथं आणल्यावर तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी हे सगळं तुमच्या डोक्यावर. अनुभवी माणसानं करावं, पहिल्या गाडीला करू नये.

देश सोडून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या फार स्वस्त मिळतात. शेवरोलेनं २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, तिचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात तळेगावला होता. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यांतल्या काही गाड्या चालवायला उत्तम आहेत. पण एका सुट्या भागासाठी गाडी महिनाभर गॅरेजला उभी राहिली तर ज्या गरजेपोटी ती घेतली ती गरज भागत नाही. सीएनजीचं किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झाली आहे का, हे बघा. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं, आणि त्यासाठीच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या नीट बघून घ्या, ॲव्हरेजही थोडं कमी धरा.

भाव ठरवताना मालकानं किती लाखांना घेतली होती ते ऐकून घ्या आणि विसरून जा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. आज तीच गाडी नवी कितीला मिळते, त्याच्याशी जुनीचा भाव ताडून बघा. जमवलेले सगळे पैसे गाडीत घालू नका. पहिल्या दोन महिन्यांत टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेक पॅड यांतलं काहीतरी निघतंच. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर पुन्हा पासिंगचा खर्च धरा. एप्रिल २०२२ पासून एकट्या आरसी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा जास्त असतं, तेही मोजा.

राहिली गोष्ट चालवणाऱ्याची. अठरा पुरी व्हायच्या आत चावी देऊ नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आणि मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, हे त्या निमित्तानं साऱ्या महाराष्ट्राला कळलं. लायसन मिळालं तरी पहिला पावसाळा जपून काढा. वेल्ह्याचा पाऊस, शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला येणाऱ्या गाड्यांची गर्दी, संध्याकाळी रस्त्यावरून घरी परतणारी जनावरं, हे सगळं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. आणि मुलींना माझं आवर्जून सांगणं आहे: गाडी बघायला स्वतः जा, स्वतः चालवून बघा. घरच्यांनी निवडलेली गाडी चालवणं वेगळं आणि तिचा इतिहास स्वतः वाचून घेणं वेगळं.

ही पुस्तिका गाडी बघायला जाताना बरोबर न्या. टोकन द्यायच्या आधी कागद तपासा, पट्टा शेवटपर्यंत ओढा, घाट चढवून आणा. गाडी घेतल्यावर आरसीवर आणि विम्यावर नाव लागेपर्यंत ती कुणालाही चालवायला देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही, आणि त्यानंतरही लायसन बघूनच द्या.